भोवरा कापायचा म्हणे!

...कापायचा म्हणे! भोवरा! मधोमध, उभा, करवतीनं! का? तर आत काय आहे ते बघायचंय! अहो, आत काय असणार? बाहेर लाकूड, आत लाकूड! भोवरा आहे तो, भोपळा आहे का बिया काढायला? आणि मी नुसतं तोंड उघडलं, अजून शब्दसुद्धा बाहेर पडला नव्हता, तर सगळे एका सुरात... "आजी, तू बस!"

तुम्हाला सांगते, या घरात मी काही बोलायला गेले की मला बसवतात. जेवण करपतंय सांगायला गेले, आजी तू बस. नळ गळतोय सांगायला गेले, आजी तू बस. अहो, उभी राहून चाळीस वर्षं पट्टा ओढला मी! बसायची सवयच नाही या हाडांना, आणि आता म्हातारपणी कुठून लावू?

थांबा, थांबा. असं मधूनच सांगितलं तर तुमच्या डोक्यात गुंता व्हायचा. मुळापासून सांगते.

आमचे हे कातारी होते. म्हणजे लाकूड फिरवून फिरवून गोल करणारे. टेबलाचे पाय, जिन्याचे कठडे, दाराच्या मुठी, पाळण्याचे दांडे, जगात जे जे लाकडाचं आणि गोल, ते ते यांचं. तेव्हा विजेवरचं यंत्र कुठलं आमच्याकडे? लाकूड दोन टोकांत अडकवायचं, त्याला चामड्याचा पट्टा गुंडाळायचा, आणि एकानं तो पट्टा मागं-पुढं, मागं-पुढं ओढत राहायचं की लाकूड गरगरतं. हे समोर पटाशी धरून बसायचे. आणि ओढणारं एक म्हणजे कोण? मी! गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "वा, काय हात आहे हो तुमचा!" अहो, हात यांचा, पण खांदे कोणाचे? खांद्यांना कुणी वा म्हटलंय कधी?

आणि हे म्हणजे दिवसात सात शब्द बोलणारा माणूस. त्यातले दोन 'जरा हळू'. बोलायचं सगळं खातं माझ्याकडे होतं.

तर हे गेले त्याला झाली अकरा वर्षं. पटाश्या भाच्यानं नेल्या, लाकडं पाहुण्यांनी नेली, लाकूड फिरवायचा लेथ तेवढा अंगणात गंजून गंजून शेवटी भंगारात गेला. उरला एक भोवरा. लाल, त्याच्यावर पिवळे दोन पट्टे, पोटाशी थोडा काळवंडलेला. माझ्या कपाटात, माझ्या लुगड्यांच्या घडीत. महिन्यातून एकदा काढायचा, जाळी गुंडाळायची... जाळी म्हणजे भोवऱ्याची दोरी हो, हल्ली तेही सांगावं लागतं... आणि फेकायचा जमिनीवर. असा गुंगतो, असा गुंगतो, उभा झोपलाय म्हणाल! दोन मिनिटं! आणि मग एकदा अशी मान हलवतो, आमचे हे जेवण झालं की हलवायचे ना, तश्शी, आणि आडवा होतो.

आता आमची नात. शिकली हो, खूप शिकली. खेळणी बनवणाऱ्या कंपनीत लागली. म्हटलं बरं झालं, आजोबाचं रक्त. तिथं ती कॉम्प्युटरवर खेळण्यांची चित्रं काढते. आणि नोकरी अजून कच्ची, सहा महिने बघणार, आवडली तर ठेवणार, नाहीतर रस्ता मोकळा. तर त्यांच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, "भोवरा करा. असा करा की दोन मिनिटं फिरला पाहिजे. दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं." झालं! पोरगी धावत घरी आली, माझ्या गळ्यात पडली. "आजी, आजोबांचा भोवरा दे ना! मी तस्सा उतरवते!"

दिला मी. का नाही देणार? आणि मनातल्या मनात म्हटलं, आता ही मला विचारेल, आजी, कसा केला होता गं हा? मी तयारच होते! चहा ठेवून बसले होते!

विचारलंच नाही! तिच्याबरोबर एक आला होता कंपनीतला, दाढीवाला. तो दर वाक्याला 'मायक्रॉन' म्हणायचा. "इथे बारा मायक्रॉन, तिथे चाळीस मायक्रॉन." म्हटलं हे काय असतं, तर म्हणे केसाचे कितीतरी भाग केले की त्यातला एक. मी म्हटलं, बाबा, केसाचे भाग करत बसतोस, तुझ्या घरी काही काम नसतं का? तेव्हापासून त्याला मी मायक्रॉनच म्हणते. तर हा मायक्रॉन आणि आमची नात, दोघांनी भोवरा एका दिव्याखाली ठेवला, तो दिवा त्याच्या भोवती फिरला, आणि पडद्यावर भोवरा उगवला! हुबेहूब! पट्टे, पोट, डोकं, खालची आर... आर म्हणजे खालचा खिळा हो, ज्याच्यावर तो उभा राहतो.

मी जवळ गेले बघायला, तर मायक्रॉन पडद्यापुढे आडवा! "आजी, सॉरी हं, हे कंपनीचं गुपित आहे."

ऐकलंत? गुपित! माझ्या नवऱ्यानं केलेला, मी पट्टा ओढलेला, माझ्या लुगड्यात ठेवलेला भोवरा, आणि माझ्यापासून गुपित! म्हटलं, "अरे, तो फिरत होता तेव्हा तू पाळण्यातसुद्धा नव्हतास!" तर सूनबाई स्वयंपाकघरातून, "आई, असू दे हो, त्यांचं काम आहे." आणि नात, लाडानं, "आजी, तू बस ना."

बसले.

मग सुरू झालं! रोज संध्याकाळी कंपनीतून प्लास्टिकचा नवा भोवरा यायचा, खोलीचं दार बंद व्हायचं, आणि आतून आवाज... टक-टक-टक-टक, धप्. टक-टक-टक, धप्. मी बाहेर शेंगा सोलत बसलेली. आता तुम्हीच सांगा, सुताराच्या बायकोला खिळा वाकडा चालला तर आवाजावरून कळतं की नाही? कळतं! तसं मला कळलं. नीट भोवरा टकटक करत नाही, गुणगुणतो. टकटक करतो तो आरीच्या नावानं ओरडत असतो! मी बाहेरून ओरडले, "पोरी, आर बघ! आर चुकलीय!"

आतून मायक्रॉन, "आजी, आर एकदम मूळ भोवऱ्यासारखीच आहे. तीन मायक्रॉनचाही फरक नाही!"

आणि नात, "आजी, तू बस!"

दुसऱ्या दिवशी टकटक वाढली. तिसऱ्या दिवशी तर भोवरा असा नाचला की कपाटाखाली गेला, काठीनं काढावा लागला. चौथ्या दिवशी पोरगी जेवलीच नाही. नुसतं ताट पुढे घेऊन बसली. डोळे हे एवढे सुजलेले. "आजी, उद्या मॅडम बघणार आहेत. माझा भोवरा वीस सेकंदसुद्धा फिरत नाही. आजोबांनी आत काहीतरी केलंय. काहीतरी गुपित आहे आत."

म्हटलं, "अगं, तुझे आजोबा बोलत नसत कारण त्यांच्या पोटात मुळात काही नसायचंच! सरळ माणूस तो, भोवऱ्यात कुठलं गुपित ठेवतोय? मला दाखव तुझा भोवरा."

"नाही दाखवता येत गं. सही केलीय मी, कुणाला दाखवणार नाही म्हणून."

आता बोला! आजीला भोवरा दाखवायचा नाही अशी सही! आणि वर पोरगी, खाली मान घालून, हळूच... "आजी, मायक्रॉन म्हणतो... म्हणजे तो म्हणतो... आजोबांचा भोवरा कापून बघू या."

तुम्हाला सांगते, माझ्या हातातलं भांडं पडलं. तीस वर्षांत भांडं पडलं नव्हतं हातातून!

"अगं, आजी, चिकटवू ना परत! कळणारसुद्धा नाही!"

कळणार नाही? फिरेल का तो परत? कापलेला भोवरा चिकटवून फिरवायचा? आणि या घरात त्या माणसाच्या हातचं दुसरं काय उरलंय? सांगा ना, काय उरलंय? एक फोटो, त्यातही तोंड मिटलेलं! रात्रभर... नाही, रात्रभर नाही, झोप लागली मला, खोटं कशाला सांगू, पण सकाळी उठले ती भोवरा मुठीत घेऊनच उठले. म्हटलं, भोवरा जाईल तर या मुठीतून जाईल, आणि मूठ जाईल तिथं मी जाईन. चला कंपनीत!

पोरीनं हात जोडले, सूनबाईनं डोक्याला हात लावला, मी गेले.

कंपनी म्हणजे काय सांगू! सगळीकडे काच. भिंतीला काच, दाराला काच, मी दोनदा आपटले. आत एक लांबलचक टेबल, त्याच्या एका टोकाला ती बया... करवतीचं यंत्र. पातं हे एवढं, दात मोजून घ्या! मायक्रॉननं हातमोजे घातलेले, डोळ्यांवर चष्मा, जसं काही कुणाचं ऑपरेशन आहे. आणि मोठ्या मॅडम. मोठ्या म्हणजे मला वाटलं होतं वयानं, तर त्या माझ्या सुनेपेक्षा लहान! मला बघून म्हणाल्या, "अरे वा, आजी आल्यात! आजी, तुम्ही बसा."

इथंही!

खुर्ची दिली. बसले. तर बसल्याबरोबर खुर्चीच फिरली! माझं तोंड भिंतीकडे! पाय जमिनीला लागेनात, पुढं टेकू मिळेना, अर्धी फेरी, पाऊण फेरी... आणि कानावर काय येतंय? मायक्रॉनचं भाषण! "मॅडम, मूळ भोवऱ्याची आर मध्यावर नाही. ती एका बाजूला सरकलेली आहे. आम्हाला वाटतं, हेच त्या कारागिराचं तंत्र! आम्ही त्याला नाव दिलंय, कलतं केंद्र. आम्ही आर तितकीच सरकवली, तर भोवरा लटपटला. मग आम्ही अजून सरकवली, तर जास्त लटपटला. मग अजून..."

माझी खुर्ची फिरता फिरता बरोबर टेबलासमोर आली आणि थांबली.

आर सरकलेली... एका बाजूला...

अहो, माझ्या डोळ्यांसमोर तो दिवस लख्ख उभा राहिला! जिन्याच्या कठड्याचा तुकडा उरला होता. हे तो कातायला बसले, मी पट्टा ओढतेय, आणि माझ्या हाताला लागलं... एका अंगाला ओढ जड, एका अंगाला हलकी. म्हटलं, "अहो, हे लाकूड लंगडतंय." यांनी ठोकून बघितलं, तर एका बाजूला आत गाठ. फांदी फुटते ना झाडाला, तिथली, दगडासारखी. म्हटलं, टाका चुलीत. भोवरा कातला, बादलीत पाणी घेतलं, भोवरा पाण्यात सोडला. गाठीची बाजू आली खाली. बोटानं फिरवला, परत तीच खाली. पेन्सिलनं खूण केली. आणि खिळा मध्यावर नाही मारला, त्या गाठीकडे सरकवून मारला, अर्ध्या तांदळाएवढा! मी म्हटलं, "वाकडा मारलात की!" तर हे म्हणाले... आणि त्या दिवशीचे सगळे शब्द एकदम खर्चले माणसानं... "गाठ आहे म्हणून लाकूड टाकायचं नसतं. आर जरा तिच्याकडे सरकवायची."

मी म्हटलं, बरं. चार दिवसांनी भांडी घासताना लक्षात आलं, हे बोलताना लाकडाकडे नव्हते बघत. माझ्याकडे बघत होते!

तर मी उठले! खुर्ची मागं सरकली, भिंतीवर आपटली, आपटू दे! "अरे, थांबव ते यंत्र! आजाऱ्याचं औषध धडधाकटाला पाजलंत रे! त्या लाकडात गाठ होती म्हणून आर सरकवली. तुमच्या प्लास्टिकला कुठं गाठ? दुखणं नाही, आणि औषध वर दुप्पट, तिप्पट! लटपटणार नाही तर काय करणार?"

मायक्रॉन म्हणतो, "आजी, आत गाठ आहे हे कापल्याशिवाय सिद्ध कसं होणार?"

"बादली आण!"

बादली नव्हती! एवढी कंपनी, बादली नाही! शेवटी मॅडमच्या टेबलावरच्या शोभेच्या झाडाची काचेची कुंडी रिकामी केली, झाड मायक्रॉनच्या मांडीवर, आणि तिच्यात पाणी. मी भोवरा सोडला. आर खाली, आणि अंग एका बाजूला कललेलं. खाली आलेल्या बाजूला मॅडमनी स्वतः शाईनं खूण केली. मी बोटानं फिरवला. हळूहळू, हळूहळू, खूण खाली. परत फिरवला. खूण खाली. तिसऱ्यांदा नातीनं फिरवला... खूण खाली! आणि भोवरा उलटा करून आर बघितली, तर सरकलेली कुणीकडे? खुणेकडे!

मग मायक्रॉननं त्यांचा प्लास्टिकचा टाकला पाण्यात. तो सरळ तळाला.

"बुडला!" म्हणतो.

म्हटलं, "बुडणारच. त्यानं झाड कुठं पाहिलंय?"

नात रडायलाच लागली. "पण आजी, मला वाटलं आजोबांनी केलंय म्हणजे ते बरोबरच असणार. मी त्यांचंच धरून पुढं गेले. आजोबा चुकत नव्हते ना..."

"हे चुकत नव्हते असं तुला कुणी सांगितलं? मी तर नाही सांगितलं! अगं, रोज चुकायचे! दर लाकूड वेगळं चुकायचं, आणि हे त्याला त्याची त्याची आर द्यायचे. तू आर उचललीस, लाकूड विचारलंच नाहीस. आणि मला तर त्याहून नाही विचारलंस."

मॅडम हळूच म्हणाल्या, "आर मध्यावर घ्या."

तासाभरात यंत्रातून नवा भोवरा बाहेर आला. गरम होता अजून. आर बरोबर मधोमध. मायक्रॉननं दहादा मोजली, त्याचा जीव शांत झाला. पोरगी जाळी गुंडाळायला लागली तर ती सारखी निसटायला लागली. म्हटलं, दे इकडे. गुंडाळला मी, आणि हाणला! टकटक नाही, काही नाही! गुणगुणला हो! उभा झोपला! मॅडमचं घड्याळ हातात, एक मिनिट, दीड मिनिट... दोन मिनिटं अठरा सेकंद! पोरीनं मला असं मिठीत घेतलं की माझा चष्मा वाकडा झाला, तो अजून तसाच आहे. नोकरी पक्की! मायक्रॉन माझ्या पाया पडला. म्हटलं, "ऊठ रे. हे किती मायक्रॉन वाकलास?"

आणि भोवरा वाचला! मॅडम स्वतः म्हणाल्या, "हा भोवरा कुणीही कापायचा नाही." मी म्हटलं, "देव तुमचं भलं करो." पुसला, पदरात बांधायला घेतला...

तर म्हणतात, "हा आपण कंपनीच्या दारात ठेवू! काचेच्या पेटीत! खाली लिहू, याच्यावरून आमचा भोवरा झाला."

आं?

मी नातीकडे बघितलं, म्हटलं ही आता नाही म्हणेल. तर तिचे डोळे असे चमकत होते! "आजी! आजोबांचा भोवरा! केवढा मान!" काय बोलणार तुम्ही? चार दिवस झुरलेल्या पोरीच्या तोंडावर हसू आलंय, त्याच्यावर काय बोलणार? एवढंच विचारलं, "तिथं त्याला फिरवणार कोण?"

मॅडम हसल्या. "फिरवायचा नाही आजी! झिजेल ना!"

झिजेल! अहो, न फिरता झिजत नाही म्हणून काय त्याला भोवरा म्हणायचं? पण दिला. गाठ सोडली पदराची आणि दिला.

आता महिन्यातून एकदा नात मला घेऊन जाते, त्याला बघायला. आरीखाली छोटं कडं लावलंय, पडू नये म्हणून. वरून दिवा. परवा मी काचेवर नुसतं बोट ठेवलं, तर दारावरचा पहारेकरी लगबगीनं आला. चांगला माणूस, आवाज मऊ. खुर्ची पुढं केली, न फिरणारी, आणि म्हणाला...

तुम्हाला ठाऊकच आहे काय म्हणाला.

बसले. काय करणार? मधल्या टेबलावर प्लास्टिकचे डझनभर भोवरे फिरत होते, एकातही गाठ नाही, एकही लटपटत नाही. आणि काचेच्या आत तो, काचेच्या बाहेर मी. गाठीचे असे आम्ही दोघंच उरलो होतो घरात... दोघांनाही बसवलं हो!